शाळेचे वार्तापत्र कोणासाठी लिहायचे? एका नव्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या शिक्षिकेकडे यंदा शाळेच्या त्रैमासिक वार्तापत्राचे काम आले आहे. हाताशी चार पाने आहेत. तीन महिन्यांत झालेले चौदा उपक्रम, शाळेत येऊन गेलेले सहा पाहुणे आणि निरनिराळ्या स्पर्धा-परीक्षांतील विद्यार्थ्यांच्या यशाची दोन पानी यादी, एवढे सगळे त्या चार पानांत बसवायचे आहे. मुख्याध्यापकांना त्यातील काहीच वगळायला नको आहे. पालक मात्र अंक उघडतात, आपल्या पाल्याचा फोटो शोधतात आणि अंक मिटून ठेवतात. ‘लोक वाचतील असे हे कसे लिहावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यातील पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. त्यांपैकी बावीस वर्षे शाळेचे वार्तापत्र आणि स्नेहसंमेलनात वाचायचा वार्षिक अहवाल ही दोन्ही कामे माझ्याकडे होती. त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

आपण प्रश्न लेखनाचा म्हणून विचारला आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण लेखनाच्या आधीची आहे. सत्र संपत आले की प्रत्येक विभागप्रमुखाकडून एकेक कागद येतो आणि त्यावर साधारण असा मजकूर असतो: ‘शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. प्रमुख पाहुण्यांचे स्वागत मुख्याध्यापकांनी केले. सूत्रसंचालन अमुक बाईंनी केले व आभार तमुक सरांनी मानले.’ या चार ओळींत एकही विद्यार्थी नाही. रोपे कोणती होती, ती मैदानाच्या कोणत्या कडेला लावली, खड्डे कोणत्या तुकडीने खणले, दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हे कसे ठरले, यांपैकी काहीच कोणी टिपून ठेवलेले नसते, आणि तीन महिन्यांनी विचारले तर कार्यक्रम घेणाऱ्या शिक्षकांनाही ते आठवत नाही. अशा कागदांवरून कितीही चांगल्या लेखकाने लिहिले तरी मजकूर निर्जीवच होणार. पालक आपल्या मुलाचा फोटो शोधतात, कारण त्या अंकात त्यांचे मूल फक्त फोटोतच असते. त्यामुळे कसे लिहावे हे ठरवण्याआधी कोणी, केव्हा आणि काय टिपावे हे ठरवावे लागते.

पुढे जे सांगणार आहे त्यातील बरेचसे आपल्या शाळेच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. चारशे पटाच्या शाळेत प्रत्येक यशस्वी मुलाशी बोलणे शक्य असते, अडीच हजार पटाच्या दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत ते वर्गशिक्षकांवर सोपवावे लागते. अंक छापून घरी जात असेल तर आजी-आजोबाही वाचतात. तो केवळ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जात असेल तर पहिल्या पानापलीकडे फार थोडे जण जातात आणि मांडणी त्याप्रमाणे बदलावी लागते. संस्थेचे पदाधिकारी, देणगीदार आणि माजी विद्यार्थी हेही आपले वाचक आहेत का, यावरही काही गोष्टी ठरतात. तरीही एका बाबतीत माझे मत परिस्थितीने बदललेले नाही. वार्तापत्राचा पहिला वाचक म्हणजे त्यात ज्याच्याविषयी लिहिले आहे तो विद्यार्थी. त्याला आपण काय केले हे त्या मजकुरात ओळखता आले पाहिजे. त्याला ते ओळखता आले, तर त्याच्या घरचे लोक वाचतात, शेजारचे वाचतात आणि त्याच्या तुकडीतली मुलेही वाचतात.

टिपण ठेवण्याची आमची रीत साधी होती. शिक्षकांच्या खोलीत हजेरीपत्रकांच्या कपाटाशेजारी एक दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवलेली असे. कोणताही उपक्रम झाला की त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी, त्यात चार गोष्टी लिहायच्या: मुलांनी प्रत्यक्ष काय केले, त्यात कोण कोण होते, एखादे मूल बोलले असेल तर त्याचे एखादे वाक्य जसेच्या तसे, आणि ठरल्यापेक्षा वेगळे काय घडले. या चौथ्या गोष्टीचा आग्रह मी सर्वांत जास्त धरत असे, कारण वाचण्याजोगा मजकूर बहुतेक वेळा तिथूनच मिळतो. एका वर्षी पालखीच्या मुक्कामाला आमची मुले भवानी पेठेत वारकऱ्यांना पाणी द्यायला गेली होती. ठरल्याप्रमाणे सगळे पार पडले असते तर आमच्याकडे लिहायला एकच ओळ असती. परंतु पाणी वाटून झाल्यावर एका वृद्ध वारकरी बाईंनी आठवीतल्या दोन मुलींना शेजारी बसवून घेतले आणि त्यांना अभंगाची एक चाल शिकवली. त्या मुलींनी ती दुसऱ्या दिवशी परिपाठात म्हणून दाखवली. वहीत ते त्याच दिवशी लिहिले गेले म्हणून पुढच्या अंकात आले.

पहिले सहा महिने वही मीच भरत होते. त्यानंतर इयत्ता नववीतील दोन विद्यार्थ्यांना ‘वार्ताहर’ नेमले, आणि त्यांच्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा चांगल्या निघाल्या, कारण व्यासपीठावर काय चालले आहे यापेक्षा मागच्या रांगेत काय चालले आहे याकडे त्यांचे लक्ष असे. आपल्याकडे वेळ कमी असेल तर हे काम मुलांकडे सोपवण्यापासूनच सुरुवात करावी.

आता विद्यार्थ्यांच्या यशाकडे येते. या भागात सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. येथे दोन प्रकारच्या चुका होतात, एक नेमकेपणाची आणि दुसरी न्यायाची.

नेमकेपणाविषयी प्रथम. ‘शिष्यवृत्ती परीक्षेत घवघवीत यश’ या शब्दांतून वाचकाला काहीच कळत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी ‘पात्र’ ठरतो, परंतु शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीत येणाऱ्या ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. पात्र आणि शिष्यवृत्तीधारक या दोन्हींना एकाच यादीत घालून ‘आमचे ३२ विद्यार्थी शिष्यवृत्तीत चमकले’ असे लिहिले की ज्या पाच मुलांना खरोखर शिष्यवृत्ती मिळाली त्यांचे श्रम झाकले जातात आणि उरलेल्या सत्तावीस जणांच्या नावावर त्यांनी न मिळवलेली गोष्ट जमा होते. जुन्या अंकांशी तुलना करताना इयत्तेकडेही पाहावे. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथी व सातवीवरून पाचवी व आठवीकडे गेली, त्यामुळे इयत्ता न लिहिता आकडे शेजारी ठेवले तर ते फसवे ठरतात.

क्रीडा स्पर्धांचेही तसेच आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, म्हणून गट लिहिल्याशिवाय निकाल अपुरा राहतो. पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि ग्रामीण भाग यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या होतात आणि त्यांतील विजेते पुढे विभागीय पातळीवर जातात. त्यामुळे नुसते ‘जिल्ह्यात प्रथम’ न लिहिता कोणत्या क्षेत्रातून प्रथम ते लिहावे. ‘राज्यस्तरासाठी निवड’ आणि ‘राज्यस्तरावर यश’ यांतील फरकही जपावा. निवड होणे हीच मोठी गोष्ट आहे आणि ती आहे तशी लिहिली तरी तिचा मान कमी होत नाही.

चित्रकलेच्या बाबतीत बहुतेक वार्तापत्रांत ‘रेखाकला परीक्षेचा निकाल १०० टक्के’ एवढीच ओळ असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांत श्रेणी दिली जाते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण मिळतात, ही माहिती अनेक पालकांना, विशेषतः ज्यांच्या घरातले पहिलेच मूल दहावीपर्यंत आले आहे अशा पालकांना, नसते. ती एका वाक्यात जोडली की ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्या मुलीचे कौतुक होते आणि सातवीतल्या मुलाच्या आईला पुढच्या वर्षी काय करायचे ते कळते. यशाची बातमी दुसऱ्या मुलाला उपयोगी पडेल अशी लिहिणे हे वार्तापत्राचे एक महत्त्वाचे काम आहे, असे मी मानते.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबाबतही हेच करावे. ही स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि त्यापुढे प्रकल्प व मुलाखत अशा टप्प्यांतून मूल जाते. आपला विद्यार्थी प्रात्यक्षिकापर्यंत पोहोचला असेल तर तो कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचला ते लिहावे आणि त्याने तयारी कशी केली हे त्याच्याच शब्दांत दोन वाक्यांत घ्यावे. इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांच्या विज्ञानविषयक कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या योजनेत एखाद्या मुलीची कल्पना निवडली गेली असेल, तर प्रतिकृती तयार करण्यासाठी मिळणाऱ्या १०,००० रुपयांच्या आधी ती कल्पना काय होती ते लिहावे. माझ्या पाहण्यात असे अनेक अंक आले आहेत, ज्यांत रक्कम ठळक अक्षरांत छापली होती आणि कल्पनेचा उल्लेखही नव्हता.

येथे एक सावधगिरी सांगते. अलीकडे शाळांमध्ये खासगी संस्थांच्या अनेक ‘ऑलिंपियाड’ परीक्षा होतात आणि त्यांत शाळेतल्या शाळेतच सुवर्णपदके दिली जातात. मुलाने अभ्यास केला आहे, त्याचे कौतुक जरूर करावे. परंतु होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होणाऱ्या राष्ट्रीय ऑलिंपियाडच्या टप्प्यांशी त्यांची सरमिसळ करू नये. दोन्हींना एकाच मथळ्याखाली घातले तर ज्याने खरोखर अवघड चढण चढली आहे, त्याला आपल्या शाळेला त्यातले काही कळत नाही असे वाटते, आणि त्याचे ते वाटणे योग्यच असते.

आता न्यायाविषयी. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण तिच्यामुळे माझी पद्धत बदलली. आमच्या मुलींचा कबड्डी संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला होता. मी अंकात मैदानात उतरलेल्या सात जणींची नावे आणि फोटो छापला. अंक वाटल्यानंतर दोन दिवसांनी मंडईत भाजी विकणाऱ्या एक आजी शाळेत आल्या. त्यांची नात संघात बदली खेळाडू होती. ‘पहाटे साडेपाचला मी तिला सरावाला पाठवत होते, मग तिचे नाव यात का नाही?’ असे त्यांनी मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. कबड्डीचा संघ बारा जणींचा असतो, सराव बाराही जणींनी केला होता आणि मी जागा वाचवण्यासाठी पाच जणींना वगळले होते. पुढच्या अंकात दिलगिरीसह बाराही नावे छापली. आजी तो अंक घेण्यासाठी पुन्हा आल्या. तेव्हापासून सांघिक यशात संघातील प्रत्येकाचे नाव छापायचे हा नियम केला आणि जागा कमी पडली तर फोटो लहान केला. नाटकाच्या बाबतीत प्रकाशयोजना करणारी, पडदा ओढणारी आणि वेशभूषेच्या पेट्या सांभाळणारी मुलेही या नियमात येतात.

न्यायाचा आणखी एक भाग अवघड आहे. आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत, म्हणजे आपण ज्याला एनएमएमएस म्हणतो त्या परीक्षेत, आठवीतील मुले बसतात आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, ही त्यासाठीची अट आहे. साहजिकच ज्या मुलाचे नाव आपण छापतो, त्याच्या घरची परिस्थितीही आपण नकळत जाहीर करतो. काही मुलांना त्याचे काहीच वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. तेरा-चौदा वर्षांच्या काही मुलांना मात्र ते फार लागते. मी प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून विचारत असे आणि जे मूल नको म्हणेल त्याचे नाव घेत नसे. परंतु त्या परीक्षेची माहिती, पात्रता, मिळणारी रक्कम आणि शाळेतून किती जणांची निवड झाली हा आकडा एका चौकटीत दरवर्षी न चुकता देत असे, कारण ज्यांना या पैशाची खरी गरज आहे त्यांना ही परीक्षा आहे हेच ठाऊक नसते. एका वर्षी ती चौकट वाचून सातवीतल्या एका मुलाचे रिक्षाचालक वडील चौकशीसाठी आले आणि दोन वर्षांनी त्या मुलाची निवड झाली. अंकातल्या सहा ओळींचा इतका उपयोग झालेला मी दुसऱ्या कुठल्याही मजकुराच्या बाबतीत पाहिला नाही.

पाहुण्यांविषयी आपण विचारले आहे की सहा पाहुण्यांचा परिचय दिला तर एक पान जाते आणि न दिला तर ते नाराज होतात. माझा अनुभव असा आहे की पाहुण्यांना आपल्या पदव्यांची यादी वाचण्यात फारसा रस नसतो, पण आपण सांगितलेले मुलांपर्यंत पोहोचले का, हे जाणून घ्यायला त्यांना मनापासून आवडते. त्यामुळे नाव आणि काम एका वाक्यात सांगावे आणि उरलेली जागा मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना द्यावी.

डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते ‘पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळेल’ असे सांगत, ही गोष्ट पुण्यात अनेकांना माहीत आहे. त्यावरून आम्ही आमच्या शाळेत एक प्रथा सुरू केली. कोणीही पाहुणे येऊन गेले की आठवड्याभरात प्रत्येक तुकडीने एक प्रश्न निवडून त्यांना पत्राने पाठवायचा, आणि आलेले उत्तर पुढच्या अंकात छापायचे. सगळेच उत्तर देत नाहीत, परंतु बरेच जण देतात आणि ती उत्तरे सविस्तर असतात. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले’ या वाक्याची गरजच उरत नाही, कारण मार्गदर्शन काय होते ते वाचकाच्या समोरच असते.

आमच्याकडे एकदा पीएमपी बसचे चालक असलेले माजी विद्यार्थी आठवीच्या तासाला आले होते. जुन्या पद्धतीने लिहिले असते तर बातमी अशी झाली असती: ‘शाळेचे माजी विद्यार्थी यांनी रस्ता सुरक्षा या विषयावर विद्यार्थ्यांशी संवाद साधला. विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ आमच्या विद्यार्थी-वार्ताहराने मात्र असे लिहिले: ‘भरलेली बस रिकाम्या बसपेक्षा लवकर थांबते की उशिरा, असे आठवी ब मधील एका मुलाने विचारले. काकांनी सांगितले की भरलेल्या बसला ते चौकाच्या कितीतरी आधी ब्रेक लावायला सुरुवात करतात, आणि पाऊस असेल तर त्याहूनही आधी. मग विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर जडत्वाचा नियम लिहिला.’ दोन्ही मजकुरांची लांबी जवळपास सारखीच आहे. दुसरा मजकूर पालकांनी वाचला, इतकेच काय, त्यावरून दोघा-तिघांनी मला रस्त्यात थांबवून विचारले.

मोठ्या पदावरची व्यक्ती शाळेत येते तेव्हा व्यासपीठावरील मान्यवरांचा क्रम, पदनामे आणि शाल-श्रीफळ यांचा उल्लेख आवश्यक असतो, हे मी नाकारत नाही. त्यासाठी शाळेचे इतिवृत्त आहे आणि शेरेबुक आहे. तेथे ते पूर्ण, अचूक आणि क्रमाने लिहावे. वार्तापत्रात तोच मजकूर पुन्हा घालण्याने कोणाचा मान वाढत नाही.

आता उपक्रम. येथे मी सर्वांत थोडक्यात सांगेन, कारण मोठा प्रश्न निवडीचा आहे. चौदा उपक्रमांपैकी निम्मे तरी दिनविशेष असतील: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन. हे सर्व शाळांत दरवर्षी होतात, म्हणून ‘साजरा झाला’ ही बातमी होत नाही. यंदा आपल्या शाळेत त्या दिवशी निराळे काय घडले, ते असेल तर लिहावे आणि नसेल तर एका ओळीची नोंद पुरे. विज्ञान दिनाला आपली मुले नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातील प्रदर्शनात प्रकल्प घेऊन गेली असतील, किंवा दुसऱ्या शनिवारी आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या व्याख्यानाला गेली असतील, तर ‘भेट दिली’ यापुढे जाऊन मुले तेथून कोणता प्रश्न घेऊन परतली ते विचारावे. खोडद आणि आसपासच्या परिसरात मिळून या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, हे कुठेही वाचायला मिळते. पण त्यांपैकी एकीखाली उभे राहिल्यावर सातवीतल्या मुलाला काय वाटले, हे केवळ आपल्याच अंकात येऊ शकते.

मुलांचे स्वतःचे लेखन घेण्यास कचरू नये. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात, त्या दुरुस्त कराव्यात, परंतु वाक्यरचना बदलू नये. या बाबतीत पुण्यापुढे एक फार मोठे उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. त्या शाळांना अनेक प्रतिष्ठित व्यक्तींनी भेटी दिल्या होत्या, त्यांनी मुलींच्या परीक्षा पाहिल्या होत्या. तरी त्या शाळेत मुली काय विचार करत होत्या हे आज आपल्याला कळते ते प्रामुख्याने मुक्ताच्या त्या निबंधामुळे, आणि तो कोणीतरी छापायचे ठरवले म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आपल्या अंकाची तुलना त्याच्याशी करण्याचा हेतू नाही. मुलाने लिहिलेले पान छापायचे की पाहुण्यांच्या भाषणाचा सारांश, असा पेच पडला की मला मात्र हे उदाहरण आठवते.

फोटो आणि संमती यांबाबत आता पूर्वीसारखे ढिलेपण चालत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. शाळा सुरू होतानाच पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि जे नको म्हणतील त्यांची यादी वर्गशिक्षकांकडे द्यावी. अंक मोबाइलवर जाणार असेल तर एकट्या मुलाच्या फोटोखाली पूर्ण नाव, तुकडी आणि तो कोणत्या भागातून येतो हे एकत्र देऊ नये.

मुख्याध्यापकांना काहीच वगळायचे नाही, ही त्यांची इच्छा चुकीची नाही. ज्या शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन उपक्रम घेतला त्यांची नोंद राहावी असे त्यांना वाटते. आम्ही त्यावर असा मार्ग काढला होता. चौथ्या पानाचा खालचा अर्धा भाग ‘नोंदी’ या मथळ्याखाली ठेवला आणि तिमाहीतील प्रत्येक उपक्रम, प्रत्येक पाहुणे आणि प्रत्येक निकाल तारखेसह एकेका ओळीत, बारीक टंकात तेथे दिला. त्यामुळे उरलेली साडेतीन पाने मोकळी झाली आणि त्यांत फक्त तीन उपक्रम, दोन पाहुणे आणि यशाच्या चार-पाच बातम्या नीट जागा देऊन लिहिता आल्या. कोणत्या तीन, हे मी एकटी ठरवत नसे. दोन शिक्षक, दोन विद्यार्थी-वार्ताहर आणि पालक-शिक्षक संघाचा एक प्रतिनिधी असे पाच जण मिळून ठरवत असू. त्यामुळे आपला उपक्रम नोंदींत गेल्याबद्दल कोणी मनात राग धरला नाही, किंवा धरला तरी पुढच्या वेळी त्याच्याकडून वहीत अधिक भरीव नोंद आली.

यंदाच्या अंकाचे काय, हा आपला प्रश्न उरतो, कारण वही आता ठेवली तरी गेले तीन महिने परत येणार नाहीत. यासाठी एक उपाय करून पाहावा. चौदा उपक्रम आणि सहा पाहुण्यांची यादी घेऊन प्रत्येक तुकडीत एका तासिकेची शेवटची दहा मिनिटे मागून घ्यावीत, यादी फळ्यावर लिहावी आणि मुलांना सांगावे की यांतील ज्या एका प्रसंगाविषयी काही आठवते त्यावर तीन वाक्ये लिहा. जे उपक्रम कोणत्याच तुकडीत कोणालाच आठवत नाहीत ते ‘नोंदी’त जातील, आणि ज्यांविषयी वीस-पंचवीस कागद येतील तेथे आपली बातमी तयारच असेल. त्या कागदांतून आपल्याला असेही काही मिळेल जे एकाही शिक्षकाच्या अहवालात नव्हते.

मुद्रणालयात देण्याआधी नावांची तपासणी दोनदा करावी, एकदा हजेरीपत्रक समोर ठेवून आणि एकदा ज्याचे नाव आहे त्या मुलाला दाखवून. मुलाला त्याचे नाव त्याच्याच हाताने देवनागरीत लिहायला सांगावे. आडनावातील ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘ळ’-‘ल’ यांच्या चुका इंग्रजीतल्या निकालपत्रावरून उतरवताना होतात. नावात वडिलांचे नाव हवे, आईचे हवे, की दोन्ही हवीत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण काही मुलांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर हजेरीपत्रकातल्या उत्तरापेक्षा वेगळे असते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दोन दिवस लागतात. अंक दोन दिवस उशिरा निघाला तरी चालेल.